हळदीच्या पाळ्या आणि वरची ओळ

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, की तुमच्या कंपनीची वेबसाइट खेड्यातल्या माणसांनी इतकी वर्षं कशी चालवली यावर लिहा, लोकांना कौतुक आहे. मी होकार दिला. पण कौतुकाचं लिहिण्याआधी मला एका बाईचं नाव धुऊन द्यायचं आहे, आणि ते मळवलं मीच. तिचं नाव सविता राठोड. ती आमच्याकडे संगणकावर काम करायची आणि वडिलांना हळद शिजवायच्या दोन पाळ्या दिल्याच्या आरोपावरून तिला घरी पाठवलं गेलं. ती दुसरी पाळी तिने दिली नव्हती. कोणी दिली ते मी या लेखात सांगणार आहे.

आधी कामाबद्दल. मी सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. त्या नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या, पेन्शन आणि संशय. कोणी कागद पुढे केला की मी आधी त्याची मागची बाजू बघायचो. कोणी फार गोड बोललं की याचं काम काय अडलंय, हे मनात यायचं. निवृत्तीनंतर वसमत तालुक्यातल्या आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली आणि मला व्यवस्थापक केलं. चेअरमन दत्तराव अण्णा म्हणाले, "तुमी कोणावर भरोसा ठेवत न्हाई, म्हणून तुमीच पाहिजे." मला ते प्रशस्तिपत्रक वाटलं.

कंपनीकडे हळद शिजवायचे तीन कुकर होते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. हळद जमिनीतून काढली की ओली असते. ती वाफेवर शिजवावी लागते, मग वाळवायची, मग पॉलिश करायची. कुकर म्हणजे ट्रॉलीवर बसवलेला बॉयलर आणि त्याला जोडलेली पिंपं. ट्रॅक्टर तो ओढत शेतावर नेतो. काढणी सगळ्यांची एकाच वेळी, कुकर तीन. ढीग फार दिवस पडला की हळद सडायला लागते. त्यामुळे शिवरात्रीच्या आगेमागे आमच्या भागात माणूस माणसाला रामराम घालण्याआधी विचारतो, "पाळी कधी हाय?"

पाळ्यांची यादी आधी कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचो. फळ्याची गंमत अशी, की बोट फिरवलं की नाव पुसतं. एकदा हट्टा गावच्या एका गृहस्थांनी भावाचं नाव पुसून स्वतःचं लिहिलं आणि वर मलाच म्हणाले, "अक्षर तुमचंच हाय, बघा." खरंच माझ्यासारखं अक्षर काढलं होतं. तेव्हा अण्णा म्हणाले, आता वेबसाइट करू. ज्याला त्याला मोबाइलवर आपली पाळी दिसेल.

वेबसाइट करणं सोपं होतं. रोज त्यावरची माहिती बदलणार कोण आणि कशी, हा खरा प्रश्न होता. एक कंपनीवाला आला, पायात चकचकीत बूट, हातात रंगीत पुस्तिका. त्याची पद्धत अशी, की नावात बदल करायचा झाला तरी त्यांच्या माणसाला फोन करायचा. मी विचारलं, तुमचा माणूस लग्नाला गेला तर? तो हसला. मी त्याची पुस्तिका परत दिली.

मग वसमतला संगणक शिकवणारे नईम सर आले. मितभाषी माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेन. त्यांनी मला टेबलाशी बसवून साधी गोष्ट दाखवली. इंटरनेटवर एक शीट ठेवायची, म्हणजे उभ्या-आडव्या रेघांचा तक्ता. पहिल्या ओळीत मथळे. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात कुकर नंबर, तिसऱ्यात शेतकऱ्याचं नाव-गाव. वेबसाइट ही नुसती खिडकी. ती शीटकडे बघते आणि आजपासून पुढच्या तारखांच्या ओळी लोकांना दाखवते. शीटमध्ये नाव बदललं की वेबसाइटवर बदललं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच, साहब. ज्याला रजिस्टर लिहिता येतं, त्याला हे बराबर येईल."

मला ते पटलं. निर्णय मी घेतला आणि तो बरोबर होता, हे आजही म्हणतो. ती शीट अजून चालू आहे. मोठ्या खर्चाच्या वेबसाइटी केलेल्या संस्थांची पानं अजून तीन वर्षांपूर्वीचं हवामान दाखवतात, आणि आमच्या पाळ्या रोज सकाळी ताज्या असतात.

पण नईम सरांनी आणखी दोन गोष्टी सुचवल्या होत्या. एक, शीट उघडणाऱ्या प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्या, म्हणजे कोणी काय बदललं ते नावानिशी राहील. दुसरी, वरच्या ओळीला कुलूप लावा, चुकून हात लागायला नको. मी दोन्ही नाकारल्या. प्रत्येकाला आपापला पासवर्ड दिला तर प्रत्येक जण माझ्या पाठीमागे काहीतरी करील, असं मला वाटलं. एकच पासवर्ड असला की सगळं माझ्या डोळ्यापुढे. आणि कुलूप? "उद्या मलाच उघडायचं झालं तर तुमाला शोधत फिरू का?" असं मी त्यांना म्हणालो. त्यांनी एक पेन काढून दुसऱ्या खिशात ठेवलं.

सविता याच काळात लागली. औंढ्याकडच्या एका तांड्यावरची, बारावी झालेली, लग्न झालेलं, नवरा ऊसतोडीला जायचा. टायपिंग स्वच्छ. लोकांशी बोलायची चांगली हातोटी. एका आजोबांनी फोन करून विचारलं होतं, "अमावास्येला वेबसाइट उघडी असते का?" ती म्हणाली, "असते आजोबा, पण तुमी पौर्णिमेलाच बघा, चांगलं दिसतं." ते खूश. दुसरे एक जण रोज फोन करून आपलं नाव वाचून दाखवायला सांगायचे. पाळी महिनाभर पुढे होती, पण नाव ऐकलं की त्यांना बरं वाटायचं. ती रोज वाचून दाखवायची.

मी मात्र तिच्यावर नजर ठेवून होतो. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. ती वडिलांशी फोनवर गोरमाटीत बोलायची. ती त्यांची घरची बोली, मला त्यातलं काही कळत नसे, आणि जे कळत नाही त्यात माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय, ही माझी जुनी खोड. तीच पोरगी आमच्या गावची असती आणि आमच्या मराठीत बोलली असती, तर मी कान टवकारले नसते. रोज संध्याकाळी मी यादीची छापील प्रत काढून माझ्या कपाटात कुलपात ठेवायचो. तिला सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीलाच एका कुकरचा व्हॉल्व्ह उडाला. कोणाला लागलं नाही, पण सगळे घाबरले. शिवरात्रीला कुकर बंद असतात, ड्रायव्हर दर्शनाला जातात. सविताही सुटीवर होती. मी सकाळी औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेतलं, प्रसाद घेतला आणि परत येताना कार्यालय उघडलं. एकटाच होतो. नोकरीत मी कुठलंही रजिस्टर वर 'श्री' लिहिल्याशिवाय सुरू केलं नव्हतं. ही शीट मात्र तशीच कोरडी सुरू झाली होती. व्हॉल्व्ह उडाला तो त्यामुळे, असं मी म्हणणार नाही, पण मनात होतं. मी शीट उघडली. नावांच्या रकान्यावर देवाचं नाव असावं असं वाटलं. वर जागा नव्हती. म्हणून जागा केली. उजवं बटण दाबलं, काही पर्याय आले, 'खाली सरकवा' असा अर्थ होता तो निवडला. एक रिकामं घर तयार झालं. त्यात लिहिलं, ॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥. हात जोडले आणि घरी गेलो. त्या दिवशी छापील प्रतही काढली, सवयीने. तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या दारातच मला माधवराव भेटले आणि माझ्याबरोबर आत आले. मोठे बागायतदार, कंपनीचे जुने सभासद. त्यांची पाळी त्या दिवशी तीन नंबरच्या कुकरवर होती. मजूर सकाळपासून बसलेले, पाण्याची टाकी भरलेली, कुकर आला नाही. मोबाइल उघडला तर पाळी उद्यावर गेलेली.

"काल सकाळच्याला माझं नाव आज व्हतं," ते म्हणाले. "आज उद्यावर काहून गेलं? कोणाला मधी घातलं?"

मी यादी पाहिली. एक नंबरच्या कुकरवर नाव होतं, थावरू राठोड. सविताचे वडील. त्यांची पाळी शिवरात्रीच्या आदल्या दिवशीच झाली होती, तीन नंबरवर. आता पुन्हा त्यांचंच नाव. माझ्या मनात कुलूप उघडल्यासारखं झालं. इतके दिवस मी जे शोधत होतो ते सापडलं होतं. माधवरावांपेक्षा मलाच जास्त समाधान वाटलं, हेही लिहून ठेवतो.

मी सविताला एक शब्द विचारला नाही. दोन दिवस गप्प राहून पुरावा गोळा केला. माझ्या भाषेत त्याला पुरावा म्हणायचे. एक नंबरच्या कुकरचा ड्रायव्हर गजानन, त्याला बोलावलं. "तांड्यावर जायला तुला कोणी सांगितलं?"

"साईटवर नाव हाय ना काका. मी कशाला कोणाला इचारू?" तो म्हणाला. "पण थावरूभाऊ म्हणून राहिले व्हते..."

"गेलास की नाही गेलास, तेवढं सांग."

"गेलो."

एवढंच मी लिहून घेतलं. दरम्यान तीन नंबरवर ज्यांची पाळी होती, ते रोज एक एक करून उद्यावर ढकलले जात होते आणि कार्यालयात येऊन ओरडत होते. तिसऱ्या दिवशी अण्णांनी बैठक लावली. सभासदांनी हॉल भरला. मी उभा राहून सगळं मांडलं. आदल्या पाळीची तारीख, दुसऱ्या पाळीची तारीख, नाव एकच, आणि यादी टाइप करणारी त्याच घरची. पासवर्ड तिच्याकडे होता. तो माझ्याकडेही होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

सविता मागे भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. आवाज चढवला नाही.

"काका, शीटमधी वरची वळ बघा. तिथं काहीतरी घुसलंय. त्याच्यामुळं सगळी नावं एक घर खाली आलीत."

मी म्हणालो, "वर नागनाथाचं नाव आहे. मीच लिहिलंय. त्यात काय घुसणार?"

मागून कोणीतरी म्हणालं, "आता देवावर ढकलून राहिली बाई." हॉल हसला.

सविताने माझ्याकडे पाहिलं. ती अजून एक वाक्य बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं. पण देवाच्या नावाविरुद्ध बोलायला त्या हॉलमध्ये जागा मी ठेवलीच नव्हती. तिने टेबलावर कार्यालयाची चावी ठेवली आणि गेली. अण्णांनी निर्णय सांगायच्या आधीच गेली. तेही आम्ही कबुलीजबाबच धरलं.

मी कपाटातून शिवरात्रीआधीची छापील प्रत काढली आणि सगळी नावं हाताने पुन्हा तारखांपुढे भरली. यादी सरळ झाली. लोक म्हणाले, बघा, ती गेली आणि गडबड थांबली. तांड्यावर थावरूभाऊंना 'डबल पाळी' हे नाव पडलं. बाजारात, बसमध्ये, लग्नात. "या डबल पाळी, बसा." लेकरंसुद्धा म्हणायची.

हंगाम संपल्यावर नईम सर पुढच्या वर्षाची शीट तयार करायला आले. मी त्यांना ऐटीत सांगितलं, की तुमच्या शीटमध्ये घोटाळा झाला होता, पण मी पकडला. त्यांनी विचारलं, कसा. मी सांगितला. ते म्हणाले, "इतिहास बघितला का?"

"कसला इतिहास?"

शीट प्रत्येक बदल लक्षात ठेवते, हे मला तेव्हा कळलं. कोणी केला ते नाव राहिलं नव्हतं, कारण पासवर्ड एकच. पण दिवस आणि वेळ होती. नईम सरांनी एक एक पान मागे नेलं. शिवरात्रीच्या पानावर थांबले. सविता सुटीवर होती तो दिवस. दुपारची वेळ. आधीचं पान आणि नंतरचं पान शेजारी ठेवलं. तारखा जागच्या जागी. कुकर नंबर जागच्या जागी. नावांच्या रकान्यात वर नागनाथाचं नाव आणि खालचं प्रत्येक नाव एक घर खाली. मथळ्यातलं 'नाव व गाव' पहिल्या तारखेपुढे येऊन बसलं होतं. ती तारीख उलटून गेली होती म्हणून साइटवर कोणाला दिसलं नाही. शिवरात्रीला कुकर बंद म्हणून त्या तारखेची ओळच नव्हती, त्यामुळे आदल्या दिवशीचं तीन नंबरचं नाव, थावरू राठोड, शिवरात्रीनंतरच्या एक नंबरपुढे. एक नंबरचा माणूस दोनवर, दोनचा तीनवर, तीनचा उद्यावर. कोणीही कोणाला मधे घातलं नव्हतं. मी देवाला वर बसवलं होतं आणि बाकी सगळ्यांना एक पायरी खाली उतरवलं होतं.

नईम सरांनी पडद्यावरच्या नागनाथाच्या नावावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "साहब, ये तो आपका है."

मी दार लोटून घेतलं. "सर, हे आपल्यातच राहू द्या."

ते म्हणाले, "मी कोणाला सांगायला जाणार न्हाई. पण कोणी विचारलं तर खोटं बोलणार न्हाई."

कोणी विचारलं नाही. सापडलेल्या चोराबद्दल कोण विचारतं? मी कपाटातल्या दोन प्रती काढून पाहिल्या, आधीची आणि नंतरची. माझ्याच संशयाने जपून ठेवलेला पुरावा, आणि त्यात मीच होतो. गजाननला मी सहज म्हणून विचारलं, त्या दिवशी थावरूभाऊ काय म्हणाले होते? तो म्हणाला, "म्हणले, बा, माझी पाळी परवा झाली, ही माझी न्हाई. मी म्हणलं, साईटवर नाव हाय, कुकर दारात हाय, मी काय वापस नेऊ? मंग त्यांचा उरलेला ढीग व्हता, तो भरला." हेच तो मला तेव्हाही सांगत होता. मी 'तेवढं सांग' म्हणून त्याचं तोंड बंद केलं होतं.

नंतर मी सहा हंगाम त्याच खुर्चीवर बसलो. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला, वरच्या ओळीला कुलूप लावलं. लोकांनी माझी तारीफ केली, की एका घटनेतून किती शिकलात. दुसऱ्या कंपन्यांचे लोक बघायला आले. मी त्यांना समजावून सांगायचो, मथळ्याच्या ओळीला हात लावू नका, एका रकान्यात घर घालू नका, घालायची तर पूर्ण ओळ घाला. कोणी विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं, की मी म्हणायचो, अनुभव.

गेल्या वर्षी हयातीचा दाखला द्यायचा होता. नेहमीचं केंद्र बंद होतं, कोणीतरी औंढ्याच्या रस्त्यावरचं दुकान सांगितलं. आत गेलो तर समोर सविता. केस कपाळाशी पांढरे, चष्मा. दुकान तिचंच. तिने मला ओळखलं आणि खुर्ची पुढे केली.

"बसा काका. अंगठा ठेवा."

मशीनवर अंगठा ठेवला. उमटला नाही. पुन्हा ठेवला. माझ्या वयात रेषा झिजतात.

"उमटून न्हाई राहिला," ती म्हणाली. "पुसा जरा. दुसरा ठेवा."

मी अंगठा पुसत होतो आणि तोंडातून निघालं, "सविता, ती वरची ओळ मीच घातली होती. मला नंतर कळलं."

तिने मशीनवरून नजर काढली नाही. "मला तर तवाच माहीत व्हतं काका. दुसऱ्याच दिवशी सकाळी बघितलं व्हतं. तुमचं श्री दिसलं. काढणार व्हते, पण देवाचं नाव कसं काढावं, म्हणलं काका आले की इचारू. तुमी आले ते माधवरावाला घेऊनच. मंग दोन दिवस तुमी माझ्याकडं बघायलाही तयार न्हाई."

"माझी चूक झाली."

"व्हय. पण ते मला सांगून काय फायदा? मला माहीतच हाय. ज्याला माहीत न्हाई त्याला सांगा. बापूला अजून डबल पाळी म्हणतात लोक." मग मशीनने आवाज दिला. "झालं. उमटला. तुमी जिवंत हाव, सरकारला कळलं."

तिने कागद छापून हातात दिला. ती पुढच्या माणसाचं काम बघू लागली.

मी कंपनीच्या आताच्या व्यवस्थापकांकडे गेलो. म्हटलं, वेबसाइटवर एक ओळ टाका, त्या वर्षी चूक माझी होती. ते म्हणाले, "साहेब, साइटवर पाळ्या असतात, जुनं कशाला? लोकांना तकलीफ." त्यांचं बरोबर आहे. ती खिडकी आजपासून पुढचंच दाखवते, तशीच मी ती करवून घेतली. मागे झालेलं तिच्यात दिसत नाही.

म्हणून इथे लिहिलं. सविता राठोड यांनी कोणाचीही पाळी बदलली नाही. थावरू राठोड यांनी दुसरी पाळी मागितली नाही, आली तेव्हा ती आपली नाही असं सांगितलं. यादी मी बिघडवली, मला बैठकीत चूक दाखवून दिली गेली, ती मी ऐकली नाही, आणि कळल्यावर वर्षानुवर्षं लपवली.

अंक छापून आला की एक प्रत घेऊन मी तांड्यावर जाणार आहे. थावरूभाऊंना वाचता येत नाही. चार माणसं बसलेली असतील अशा वेळी, पारावर, मीच वाचून दाखवीन. सविताला विचारून ठेवलंय, ती गोरमाटीत सांगेल. तिने बरोबर सांगितलं की नाही, हे मला कळायचा मार्ग नाही. ती सांगेल ते बरोबर.